बालवाडीच्या ताईने पुढे काय शिकावं?

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे. मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. चाळीसगाव तालुक्यात एका खासगी बालवाडीत दोन वर्षं शिकवते. पगार तुटपुंजा आहे, पण मुलांमध्ये मन रमतं. बाबा म्हणतात बी.एड. कर. आमच्या संचालिका म्हणतात मॉन्टेसरीचा कोर्स कर. शहरातली एक संस्था वर्षभराच्या डिप्लोमासाठी भरपूर फी मागतेय आणि नोकरीची हमी देतेय. दुसरं म्हणजे पालक रोज विचारतात, ‘आज वहीत काय लिहिलं?’ त्यांना काय उत्तर द्यायचं तेच कळत नाही. हे शिकवणारा एखादा कोर्स असतो का?

उत्तर : आधी बाबांच्या सल्ल्याचं बघू. त्यांची कळकळ खरी आहे, पण बी.एड. तुला तुझ्या मुलांपासून लांब नेईल. ती मोठ्या वर्गांच्या शिक्षकांची पदवी. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. चालणार नाही, असा निकाल दिला. तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका आणि टीईटी ही पात्रता परीक्षा लागते. तुला तर त्याच्याही अलीकडच्या, तीन ते सहा वर्षांच्या पोरांत राहायचं आहे. बाबांना हा निकाल दाखव, निम्मा वाद तिथेच मिटेल.

आता ती शहरातली संस्था. मॉन्टेसरी हे नाव कुणालाही लावता येतं आणि पाटीवर ‘इंटरनॅशनल’ रंगवायला परवानगी लागत नाही. शिक्षकांचे अभ्यासक्रम ठरवणारी केंद्राची परिषद म्हणजे एनसीटीई. तिच्या नियमांत बसणारी पूर्वप्राथमिकची पदविका म्हणजे दोन वर्षांची डीपीएसई. त्यामुळे मान्यता कुणाची, हे तोंडी ऐकून घेऊ नकोस, कागद माग. नोकरीची हमी देतात ना? मग कोणत्या शाळेत आणि किती पगारावर, ते लेखी द्या म्हणावं. बहुतेक जण इथेच विषय बदलतात. मग खरा प्रश्न विचार : वर्षभरात प्रत्यक्ष मुलांसमोर किती दिवस उभं करणार, तेव्हा मागे बसून माझं काम कोण बघणार, आणि पालकसभा नि गृहभेटी अभ्यासक्रमात आहेत का? यावर गोलमोल उत्तर आलं, तर वर्षभर तू थर्माकोल कापायला नि तक्ते रंगवायला शिकशील. ते तुला आजही येतं.

पालकांचं विचारतेस. नुसतं तेवढंच शिकवणारा कोर्स मी सुचवणार नाही, कारण लहान मुलांच्या शिक्षिकेचं अर्धं काम तेच असतं, आणि ते काम करता करताच येतं. तुझे पालक खवचटपणाने विचारत नाहीत. त्यांनी पोटाला चिमटा काढून फी भरली आहे, शेजारच्या इंग्लिश मीडियमचं पोर पन्नासपर्यंत आकडे लिहितंय, आणि आत काय चालतं ते कळायला त्यांच्याकडे वहीशिवाय दुसरं काही नाही. तेव्हा दिसेल असं दुसरं काहीतरी त्यांच्या हातात दे.

प्रत्येक मुलाच्या नावाची एक साधी फाइल कर. पंधरवड्याला त्याचं एक चित्र त्यात जाऊ दे. मागच्या बाजूला तारीख, आणि चित्राबद्दल ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता. जूनमध्ये नुसत्या गोल गोल रेघोट्या असतात. मग कधीतरी डोक्यातूनच थेट पाय फुटलेला माणूस येतो. पुढे त्याला पोट येतं, हात येतात, हातांना बोटं. ही चार पानं आईसमोर ओळीने ठेव आणि मग सांग, की चौथ्या वर्षी मनगटाची हाडंसुद्धा अजून घडत असतात, म्हणून आधी कणकेचे गोळे, मटकी-शेंगदाणे वेगळे करणं, ओला फडका पिळणं, स्वतःचं बटण लावणं. ही कामं घरी रोज असतातच. लिहिण्याची तयारी आपल्या स्वयंपाकघरातही होते हे एकदा पटलं, की आई स्वतःहून सांगायला लागते, ‘ताई, काल तिनं लसूण सोलला.’

सुटताना दारात मिळतो तो अर्धा मिनिटही फार मोलाचा. ‘फार मस्ती करतो हो’ हे चारचौघांत कधीच बोलायचं नाही. त्याऐवजी, ‘आज त्याने ठोकळ्यांचा पूल केला, दोनदा पडला, मग खालचा ठोकळा रुंद घेतला.’ असं बोलायचं तर दिवसभर मुलाकडे बघावं लागतं, नोंद ठेवावी लागते. तुझं खरं प्रशिक्षण तेच, आणि त्याला फी नाही.

वर्षातून एकदा प्रत्येक घरी जा. आधी फोन करून, शेतातल्या कामाची वेळ टाळून. घरात शिरल्याबरोबर वही-पेन काढू नकोस, तपासणीला आल्यासारखं वाटतं. मूल कुणाजवळ झोपतं, कशाला घाबरतं, एकटं असलं की काय खेळतं, एवढं विचार आणि ऐक. तुझ्या भागात घरी आजी अहिराणीत बोलते आणि बालवाडीत सगळा कारभार पुस्तकी मराठीत. मग गप्प बसणारं पोर उगाच ‘मंद’ ठरतं. त्या आजीलाच वर्गात बोलाव, अहिराणीत एक गोष्ट सांगू दे. वडील पालकसभेला येत नाहीत ही सगळीकडची तक्रार, पण सभा सकाळी अकराला ठेवल्यावर कोणता बाप येणार?

यातलं नवं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं केलं आणि पुढे त्या डहाणूजवळ कोसबाडला गेल्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात तेव्हा पालकांना बोल न लावता बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. साधनं म्हणून तिथलेच खडे, पानं, बिया वापरल्या. सवड काढून एकदा कोसबाड बघून ये.

आता हिशेब. नोकरी सोडू नकोस. इग्नू या केंद्रीय मुक्त विद्यापीठाचा बालसंगोपन व शिक्षणाचा डिप्लोमा, म्हणजे डीईसीई, बारावीनंतर करता येतो, किमान एक वर्षाचा आहे आणि त्यात प्रात्यक्षिकाचा भाग आहे. तुझी बालवाडी त्यासाठी आयतीच हाताशी आहे. माध्यम कोणतं मिळेल ते प्रवेशाआधी अभ्यासकेंद्रावर विचारून घे. तोवर २०२२ चा पायाभूत स्तराचा, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा वाच, एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या उपक्रमाची कृतिपत्रं माग. त्यात २०२२ मध्ये राज्यात मेळावे झाले, मातांचे गट करून घरी करायच्या कृती त्यांच्या हाती दिल्या गेल्या. तुझ्या पालकांसाठी त्या जशाच्या तशा चालतील.

पगाराचं गोड बोलून सांगत नाही. खासगी बालवाड्यांत तो कमीच राहतो, डिप्लोमानंतरही थोडाच हलतो. अंगणवाडी सेविकेला बारावी आणि त्याच गावची रहिवासी ही अट असते, मिळतं ते मानधन. आणि पोषण आहार, वजनं, मोबाइलवरच्या नोंदी यांतून शिकवायला किती वेळ उरतो ते तुमच्या गावच्या सेविकेलाच विचार. तू पदवीधर आहेस, म्हणून माझी नजर मुख्यसेविकेच्या पदावर आहे. तिच्या हाताखाली अनेक अंगणवाड्या असतात, आणि सेविकांना शिकवणं, पालक मेळावे घेणं हे तिचंच काम. जागा नेहमी निघत नाहीत, स्पर्धा भरपूर, तेव्हा जाहिरातीतली पदवीची आणि वयाची अट नीट वाच आणि रोज तासभर अभ्यासाला लाग. परीक्षेत मार्क सगळेच मिळवतात, पण दोन वर्षं वर्गात काढलेली मुख्यसेविका सेविकांना लगेच ओळखू येते.

त्या शहरातल्या संस्थेचं माहितीपत्रक आणि फीचा तक्ता मला पाठव. मी बघेपर्यंत ॲडव्हान्स भरू नकोस, ‘आजच शेवटचा दिवस’ असं त्यांनी कितीही वेळा सांगितलं तरी.