मांडलिक, सामंत, सरंजामदार: कुणाला काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा. स्पर्धा परीक्षेच्या एका टिपणात तीन वाक्यं आहेत: ‘वाडीचे सावंत विजापूरचे मांडलिक होते’, ‘शिंदे-होळकर पेशव्यांचे मांडलिक होते’ आणि ‘१८१९ नंतर सातारचे छत्रपती इंग्रजांचे मांडलिक झाले’. तिन्हींत ‘मांडलिक’ बरोबर आहे का? आणि सामंत, अंकित, जहागीरदार, सरंजामदार, संस्थानिक यांपैकी काहीही त्या जागी घातलं तर चालेल का?

तिसरं वाक्य बरोबर आहे, पहिली दोन नाहीत. मांडलिकाला स्वतःचं राज्य असतं. ते चार तालुक्यांचं असेल, वर कुणाचा तरी धाक असेल, पण सारा त्याच्या नावाने गोळा होतो, निवाडे तो करतो आणि गादी त्याच्या घराण्याची असते. वरच्या सत्तेशी त्याचं नातं राज्याचं राज्याशी असतं. जहागीरदार आणि सरंजामदार यांचं तसं नसतं. राज्य दुसऱ्याचं, त्यातल्या ठरावीक मुलखाचा वसूल यांना तोडून दिलेला. वतनदार आणखी वेगळा. त्याच्याकडे गावाचं किंवा परगण्याचं पिढीजात काम असतं आणि त्या कामाबद्दलचे हक्क असतात. राजवटी बदलल्या तरी देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी जागच्या जागी राहत, ते यामुळेच.

वाडीचे सावंत आदिलशाहीत कुडाळचे देसाई होते, म्हणजे वतनदार. पुढे ते स्वतंत्रपणे वागू लागले आणि इंग्रजी अमलात सावंतवाडी रीतसर संस्थान झालं. तेव्हा सावंतांना ‘मांडलिक’ म्हणता येतं, पण विजापूरचे नव्हे.

शिंदे-होळकरांच्या बाबतीत सरंजाम म्हणजे काय ते नीट पाहायला हवं. सरदाराने अमुक इतके स्वार बाळगायचे आणि हुकूम होईल तेव्हा मोहिमेवर हजर व्हायचं. त्या खर्चासाठी त्याला मुलूख लावून दिलेला असे. यात दोन भाग पडत: सरदाराच्या स्वतःच्या खर्चासाठी जात सरंजाम आणि पथकासाठी फौज सरंजाम. तत्त्वतः सरंजाम वंशपरंपरागत नव्हता. सरदार वारला की मुलाच्या नावे तो पुन्हा करून घ्यावा लागे आणि त्यासाठी नजराणा भरावा लागे. व्यवहारात तो बहुधा मुलाकडेच जाई, म्हणूनच आज त्याचं रूप राज्यासारखं दिसतं. मल्हारराव होळकर १७६६ मध्ये आणि नातू मालेराव १७६७ मध्ये वारला, तेव्हा रघुनाथराव फौज घेऊन इंदूरकडे निघाला. सरदारी पुढे कुणाकडे हे पुण्याने ठरवायचं, असा समज असल्याशिवाय हा पेच निर्माणच झाला नसता. शेवटी माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंच्या बाजूने कौल दिला आणि फौजेचं काम तुकोजी होळकरांकडे गेलं. मांडलिक राजाच्या मुलखात वरची सत्ता लुडबुड करते तीही दांडगाई असते, पण तिथे निदान ‘तुमच्या राज्यात आम्ही हात घालतो’ अशी भाषा असते. इथे मुलूख सरकारचाच मानलेला आहे.

तेच शिंदे नोव्हेंबर १८१७ च्या ग्वाल्हेरच्या तहानंतर आणि तेच होळकर ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर खरोखर मांडलिक होतात, पण इंग्रजांचे. मधल्या काळात, म्हणजे महादजी शिंद्यांपासून पुढे, पुण्याचा हुकूम किती चालत होता हा इतिहासाचा वाद आहे. शब्दापुरतं सांगायचं तर साल विचारल्याशिवाय घराण्याला शब्द लावू नये.

सातारचं उदाहरण मात्र स्वच्छ आहे. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंह छत्रपतींना राज्य मिळालं ते इंग्रजांच्या सहकार्यात आणि त्यांच्या वर्चस्वाखाली. इतर सत्तांशी परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही, ही अट होती. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केलं तेव्हा ठेवलेल्या आरोपांत गोव्याच्या पोर्तुगिजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी गुप्त संधान बांधल्याचे आरोप होते. आरोप खरे होते की रचलेले, हा भाग निराळा. मांडलिकाला नेमकं काय निषिद्ध असतं ते त्यातून कळतं.

आता ‘सामंत’. हा शब्द आज मांडलिकाचा समानार्थी वाटतो, पण त्याचा मूळ अर्थ शेजारी. समंत म्हणजे सगळ्या बाजूंनी लागून असलेलं. त्यावरून सामंत म्हणजे सीमेला सीमा भिडलेला राजा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो याच अर्थाने येतो. त्यामुळे तिथल्या ‘सामंता’चं भाषांतर ‘मांडलिक’ असं केलं की वाक्याचा अर्थ उलटा होतो: ज्याच्यापासून सावध राहायचं तो आपल्या हाताखालचा ठरतो! पुढे गुप्तकाळाच्या आसपास आणि नंतर जिंकून तसाच ठेवलेला शेजारी म्हणजे सामंत असा अर्थ रुळला. असं का झालं असेल याचा अंदाज समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद प्रशस्तीवरून येतो. दक्षिणापथातल्या बारा राजांना त्याने पकडलं, सोडलं आणि त्यांची राज्यं परत दिली. त्यासाठी तिथे ‘ग्रहण-मोक्ष-अनुग्रह’ असा शब्दप्रयोग आहे. समतट, कामरूप, नेपाळ अशा सीमेवरच्या राजांकडून काय घेतलं, तेही एका समासात आहे: सर्व कर देणं, आज्ञा पाळणं, नमस्काराला येणं. या समासातला शेवटचा घटक सहसा कुणी लक्षात घेत नाही. कर माणसाबरोबर पाठवता येतो. नमस्काराला स्वतः यावं लागतं.

म्हणूनच पुरंदरचा तह (जून १६६५) वाचताना हजेरीचं कलम महत्त्वाचं आहे. शिवाजी महाराजांनी २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख दिला. १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख त्यांच्याकडे राहिला. पण मनसब दिली ती संभाजीराजांना, पाच हजारी, आणि महाराजांना स्वतः दरबारी चाकरीतून सूट मिळाली. मनसबदार हा बादशहाचा नोकर असतो. बापाला नोकरीतून वगळून मुलाच्या नावे मनसब घेतल्याने महाराजांचं स्थान नोकरापेक्षा मांडलिक राजाच्या जवळ राहिलं. पुढच्या वर्षी १२ मे रोजी आग्र्याच्या दरबारात त्यांना मनसबदारांच्या रांगेत उभं केलं तेव्हा जो स्फोट झाला, त्याच्या मुळाशी हाच फरक होता. इथे ‘मोगलांचे सरदार’ असं सरधोपट लिहिणाऱ्याने हे कलम वाचलेलं नसतं.

शिलालेख-ताम्रपट वाचणाऱ्यांना ‘महासामंत’ आणि ‘महामंडलेश्वर’ ही मांडलिकांची पदं सतत भेटतात. कोकणचे शिलाहार आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. त्यांच्या बिरुदांत ‘समधिगतपंचमहाशब्द’ येतं. म्हणजे पाच मोठे ‘शब्द’, अर्थात पाच वाद्यं वाजवायचा मान वरच्या राजाकडून मिळालेला. एका जुन्या यादीत ती वाद्यं शृंग, तम्मट, शंख, भेरी आणि जयघंटा अशी दिली आहेत. बिरुदाचा थाट पाहून नवखा वाचक फसतो आणि ‘पंचमहाशब्द’ म्हणजे सार्वभौम राजाची खूण समजतो. उलट आहे: मान ‘मिळालेला’ आहे, म्हणजे देणारा वर कुणीतरी आहे. इंग्रजांच्या तोफांच्या सलाम्या याच जातीच्या. हैदराबाद, म्हैसूर, बडोदे, ग्वाल्हेर आणि काश्मीर यांना २१ तोफा, कोल्हापूरला १९, सांगलीला ९; आकडा ठरवणारं सरकार मात्र एकच.

शिलाहारांची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ९७३ मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता बुडवली. तरी उत्तर कोकणच्या अपराजिताने शके ९१९ (इ. स. ९९७) च्या भादाण ताम्रपटात राष्ट्रकूटांचीच वंशावळ सांगितली आहे. मांडलिकाच्या लेखात वरच्या राजाची वंशावळ आधी येते, त्या रिवाजाने हे झालं. पण वरचा राजाच उरलेला नसताना ही वंशावळ आली म्हणून ‘९९७ मध्ये शिलाहार मांडलिक होते’ असा निष्कर्ष काढला तर चुकेल.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘खंडणी’ने होतो. खंडणं म्हणजे रक्कम ठरवून टाकणं. शेतजमिनीचा ‘खंड’ आणि ‘खंडून घेणं’ त्याच घरातले. दरवर्षीची ठरलेली रक्कम ती खंडणी. आज तिचा अर्थ धमकावून उकळलेले पैसे असा झाला आहे आणि पोलिसांचं ‘खंडणीविरोधी पथक’ सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे जुन्या कागदातली ‘खंडणी’ही लूटच वाटू लागते. खंडणी देतो तो मांडलिक, हे समीकरणही धोक्याचं आहे. १७१९ च्या सनदा पाहा. बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी अशा तीन सनदा आणल्या. दख्खनच्या सहा सुभ्यांचा चौथा हिस्सा चौथाईपोटी आणि वर दहा टक्के सरदेशमुखी. बदल्यात शाहू महाराजांनी १५ हजार स्वार बादशाही चाकरीला ठेवायचे, मुलखात बंदोबस्त राखायचा आणि सालाना १० लाख पेशकश, म्हणजे बादशहाला द्यायची रक्कम, भरायची. कागदावर शाहू महाराज बादशहाचे चाकर, प्रत्यक्षात चौथाई देणारे सुभेदार त्यांना टरकून असत. पैसा एकीकडून दुसरीकडे जातो म्हणून कोण कुणाखाली हे ठरवाल तर इथे दोन्ही बाजूंनी उत्तर चुकेल.

निकष पैशाचा नको. हात कुठे बांधले आहेत ते पाहा. तिसऱ्या सत्तेशी तह करता येतो का? युद्ध पुकारता येतं का? ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात पेशवा इंग्रजांना खंडणी देत नाही. तो किमान सहा हजार पायदळाची तैनाती फौज ठेवून घेतो आणि तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख लावून देतो. पण इंग्रजांशी वैर असलेल्या देशाचा युरोपीय चाकरीला ठेवायचा नाही, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत इंग्रजांची मध्यस्थी मानायची आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय लढाई करायची नाही, ही कलमं त्याने मान्य केली. पेशव्याचं मांडलिकत्व त्या कलमांत आहे.

‘अंकित’ हा शब्द मोघम आहे. माणूस, पक्ष, देश कुणालाही लागतो. ‘संस्थानिक’ हा सभ्य शब्द. मांडलिक म्हणवून घ्यायला कुणालाच आवडत नसे. मेवाडच्या महाराण्यांनी तर रुपयावर ‘दोस्ति लंधन’ असं नागरीत छापलं होतं, म्हणजे लंडनचे दोस्त. १९४७ पूर्वीच्या राजांबद्दल लिहिताना पद सांगायचं असेल तर संस्थानिक आणि नातं सांगायचं असेल तर मांडलिक लिहावं. वरच्या सत्तेसाठी ‘सार्वभौम सत्ता’ मराठीत रुळलेलं आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला संस्थानांवरचं जे संपलं ते ब्रिटिश राजाचं वर्चस्व; संस्थानांचं राज्यपद त्या दिवशी संपलं नाही, ते पुढच्या विलीनीकरणात संपलं.

युरोपच्या व्यवस्थेला आपण ‘सरंजामशाही’ म्हणतो ते आता बदलणं अवघड आहे. तिथे जमिनीबरोबर निष्ठेची शपथ असे, तिच्यात धन्यालाही कर्तव्यं असत आणि फीफ, म्हणजे शपथेबरोबर मिळालेली जमीन, पुढे वारसाहक्कानेच जात असे. आपल्या सरंजामात वसुलाची नेमणूक होती. युरोपवरच्या लेखनात निदान ‘सरंजाम’ हा सुटा शब्द वापरू नये.

शेवटी शुद्धलेखन. मंडलापासून ‘मांडलिक’, लि ऱ्हस्व, ‘मांडलीक’ नको. मराठीत ‘मंडळ’ असलं तरी तत्सम शब्दात ल राहतो, ‘मांडळिक’ होत नाही. ‘मंडलिक’ असंही संस्कृतात आहे आणि आडनावात तेच टिकलं आहे. ‘सामंत’चं आडनाव कोकणात दोन रूपांत सापडतं: सामंत आणि, म चा व होऊन, सावंत.