वहिनींच्या व्हिसाचं स्टेटस ‘रिफ्यूज्ड’ दिसतंय म्हणून घाबरू नकोस
अरे, आधी शांत हो. अमेरिकेच्या व्हिसात २२१ जी (कागद किंवा तपासणी बाकी असली की व्हिसा अडवून ठेवतात ते कलम) लागलं की ऑनलाइन स्टेटस ‘रिफ्यूज्ड’च दिसतं, सिक्युरिटी चेक चालू असला तरी, म्हणजे वहिनींची केस संपली असं नाही.

आत्ता एवढंच बघ:
- कागद मागितले असतील तर लगेच द्या, वर्षाच्या आत दिले नाहीत तर नवा अर्ज, परत फी.
- डीएस-५५३५ (जादा माहितीचा फॉर्म) आला असेल तर १५ वर्षांचा प्रवास, पत्ते, नोकऱ्या नीट आठवून भरा, आधीच्या फॉर्मशी तारखा जुळल्याच पाहिजेत, घाईघाईत बरेच जण इथेच चुकतात.
- व्हिसा हातात येईपर्यंत त्यांनी नोकरी सोडायची नाही, तिकीटही नाही.

रोज ईमेल टाकून काही सरकत नाही रे. वकील, कोर्ट वगैरे आत्ता डोक्यात आणूच नकोस. वहिनींशी मात्र रोज बोल, वाट बघणं त्यांनाही तेवढंच जड जातंय.