नवीन नर्स प्रॅक्टिशनर: अर्जंट केअर घेऊ की फॅमिली क्लिनिक?
तुम्ही लिहिलंय, नर्स प्रॅक्टिशनर (स्वतः निदान करून औषधं लिहून देणारी नर्स) म्हणून अमेरिकेतली ही पहिलीच ऑफर. अर्जंट केअरवाले (अपॉइंटमेंटशिवाय तातडीचे, पण जिवावर न बेतलेले आजार बघणारा दवाखाना) वर्षाला १२ हजार डॉलर जास्त देतायत, पण शिफ्टला तुम्ही एकट्याच. क्लिनिकमध्ये पगार कमी, पण पहिले तीन महिने शिकवायला अनुभवी डॉक्टर शेजारी. ताई, क्लिनिकच घ्या.

मी पगार बघून अर्जंट केअरला गेले होते. दुसऱ्याच आठवड्यात, संध्याकाळी सातला, छातीत दुखणारा माणूस समोर, माझ्या हातात ईसीजीचा कागद आणि डॉक्टर फोन उचलत नाहीत. ९११ ला फोन करून त्याला पाठवलं, पण रात्रभर झोप नाही. आरएन (नोंदणीकृत नर्स) म्हणून दहा वर्षं काढली होती, तरी निदानाखाली आपली सही असणं फार वेगळं असतं हो.

आणि करारातला मालप्रॅक्टिस विमा (उपचारात चूक झाली असा पेशंटने दावा केला तर कामी येणारा) नीट वाचा. 'क्लेम्स-मेड' असेल तर नोकरी सोडल्यानंतर जुन्या पेशंटने केलेल्या दाव्याला तो लागू होत नाही. त्यासाठी वेगळं 'टेल' कव्हर घ्यावं लागतं, ते महाग पडतं. ते पैसे कोण भरणार, हे सही करण्याआधी लिहून घ्या. 'ऑकरन्स' पॉलिसीत ही कटकट नाही; उपचार पॉलिसी चालू असताना केले असले, की दावा नंतर आला तरी ती लागू होते. एका पेशंटला किती मिनिटं मिळतात, तेही विचारा.