रजा देऊनही थकवा का जात नाही?

प्रश्न: मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझ्या हाताखालच्या मायाळू मुलीसुद्धा पेशंटला नुसत्या बेड नंबरने ओळखू लागल्या. आठवड्याची रजा दिली, पण परत आल्यावर चार दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा साथ आली तर माझ्या हातात काय आहे?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर: ताई, या थकव्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानत नाही, कामातून येणारी अवस्था मानते. त्याच्या खुणा तीन: त्राण संपणं, कामाबद्दल तुटकपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. बेड नंबर ही दुसरी खूण. त्यावरून मुलींना बोल लावू नका. रजेहून त्या त्याच रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात परतल्या, म्हणून रजा पुरली नाही.

रोस्टर तुमच्या हातात आहे. सकाळ, दुपार, नाईट याच क्रमाने पाळी पुढे सरकवा. उलट फिरवली की झोप बसत नाही. सलग तीनपेक्षा जास्त नाईट नकोत, दोन ड्युट्यांमध्ये किमान ११ तास हवेत. आणि नाईट उतरल्यानंतरचा झोपेचा दिवस ‘ऑफ’ म्हणून मोजू नका. सर्रास होणारी ही चूक सगळ्यात महागात पडते.

आपल्या दमट हवेत पीपीई किटमध्ये घाम वाळतच नाही, त्यामुळे अंग तापत राहतं. एसी बंद असेल तर चार तासांवर बदली द्या. किट चढवण्याआधी अर्धा लिटर पाणी प्यायला लावा. उतरवताना समोर दुसरी सिस्टर उभी हवीच, कारण दमलेला हात तिथेच चुकतो.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला पालथं करायला पाच जण लागतात: ट्यूब सांभाळायला डोक्याशी एक, दोन्ही बाजूंना दोन-दोन. हे काम शक्यतो हॅण्डओव्हरच्या वेळी ठेवा, दोन पाळ्यांचे हात मिळतात. मुंबईच्या चाकरमानी नातेवाइकांचे फोन दिवसभर सिस्टरने घेऊ नयेत. ठरलेल्या एका वेळी डॉक्टरांनी बोलावं. मृत्यू झाल्यावर त्या सिस्टरला लगेच पुढचा बेड देऊ नका, दहा मिनिटं बाहेर बसू द्या.

कुणाची झोप दोन आठवडे उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोललं, तर त्याच क्षणी तिच्यासोबत थांबा, एकटी सोडू नका आणि डॉक्टरांना बोलवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.