सोलापूरच्या काळ्या पाषाणात पृथ्वीचं जुनं चुंबकत्व खरंच टिकून आहे का?

तुमचा प्रश्न असा: सोलापुरात विहीर खोदताना निघालेल्या काळ्या दगडाजवळ होकायंत्राची सुई हलते, तर ते जुनं चुंबकत्व आहे का आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तेव्हाही असंच होतं का? मी इथेच भूशास्त्र शिकवतो. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुनं चुंबकत्व त्यात नक्की आहे. काळी माती, मुरूम, मांजऱ्या आणि त्याखालचा कठीण पाषाण हे सगळं सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं. लाव्हा थंड होत 580 अंश सेल्सिअसच्या खाली आला (टायटॅनियम मिसळलेलं असेल तर आणखी खाली) की त्यातले मॅग्नेटाइट या लोहयुक्त चुंबकीय खनिजाचे कण त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरतात. पुढे जमीन कुठेही सरकली तरी ती दिशा दगडाबरोबर जाते.

या दिशेतून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे क्षेत्र सरळ (आजच्यासारखं) होतं की उलट (उत्तर-दक्षिण अदलाबदल झालेलं). फ्रान्समध्ये बर्नार्ड ब्रून यांनी 1906 मध्ये उलट चुंबकत्वाचे खडक जाहीर केले, तेव्हा फारसं कुणी मानलं नाही. आज कळतं की शेवटची उलथापालथ सुमारे 7.8 लाख वर्षांपूर्वी झाली आणि तिला ठरावीक वेळापत्रक नाही. क्रिटेशस काळात, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडात, तर जवळजवळ 4 कोटी वर्षं क्षेत्र एकाच बाजूला राहिलं.

दुसरी गोष्ट अक्षांश. चुंबकीय विषुववृत्तावर सुई आडवी राहते, ध्रुवाकडे जावं तशी ती झुकत जाते. झुकावाचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट, इतकं साधं सूत्र आहे. दख्खनच्या बहुतेक थरांत सुईचं उत्तर टोक दक्षिण-आग्नेयेला वळून जमिनीत खाली झुकलेलं मिळतं. नुसता झुकाव पाहिला तर आपण उत्तर गोलार्धात होतो असं वाटेल. पण क्षेत्र उलट असेल तर दक्षिण गोलार्धातच उत्तर टोक दक्षिणेकडे वळून खाली जातं. महाबळेश्वरच्या वरच्या भागात क्षेत्र सरळ असतानाचे प्रवाह आहेत. त्यांत तेच टोक उत्तर-वायव्येला वळून वर उचललेलं असतं. दोन्ही नोंदी एकमेकींना दुजोरा देतात: ही जमीन तेव्हा सुमारे 30 अंश दक्षिणेला होती. आज सोलापूर 17.7 अंश उत्तरेला आहे. म्हणजे पाच हजार किलोमीटरहून जास्त प्रवास, सरासरी वर्षाला 8 सेंटिमीटर, आणि वाटेत भूखंड घड्याळाच्या उलट दिशेने थोडा फिरलासुद्धा. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी 1956 मध्ये दख्खनच्या दगडांवरून भूखंड सरकल्याचं मांडलं, तेव्हा भूखंडवहनावर अनेकांचा विश्वासच नव्हता. दख्खनच्या दगडाचं मला सगळ्यात मोठं वाटणारं काम हेच.

पण या हिशेबाचा पाया तपासून पाहायला हवा. सूत्र धरून चालतं की सरासरीत पृथ्वी मधोमध ठेवलेल्या लोहचुंबकासारखी वागते. एखाद्या क्षणी तसं नसतं. सूत्राप्रमाणे सोलापूरचा झुकाव 32 अंश यायला हवा, पण प्रत्यक्षात तो बराच कमी आहे, कारण चुंबकीय विषुववृत्त आज भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. एकच लाव्हा प्रवाह असा एकच क्षण पकडतो, म्हणून हजारो वर्षांची डगमग काढून टाकायला पुष्कळ प्रवाहांची सरासरी घ्यावी लागते. जुन्या लाव्हांतून मोजलेली ध्रुवाची ही डगमग उंच अक्षांशांवर जास्त असते, विषुववृत्ताजवळ कमी.

तीव्रतेचा प्रश्न याहून अवघड. आदर्श लोहचुंबकात ध्रुवावरचं क्षेत्र विषुववृत्ताच्या दुप्पट असतं. अंटार्क्टिकातल्या गेल्या काही दशलक्ष वर्षांच्या लाव्हांनी मात्र अपेक्षेपेक्षा कमी तीव्रता दाखवली आहे. तीव्रता मोजायला दगड पुन्हा पुन्हा तापवावा लागतो आणि तापवताना त्यातली खनिजंच बदलण्याचा धोका असतो, म्हणून हे आकडे मी दिशेइतक्या खात्रीने घेत नाही.

तुमच्याकडच्या सुट्या दगडातून मात्र यातलं काही वाचता येणार नाही. सुई हलते यावरून दगडात चुंबकीय कण आहेत एवढंच कळतं. विहिरीच्या भिंतीतला, जागेवरून न हललेला पाषाण हवा आणि तो काढण्याआधी त्यावर उत्तर दिशा व उतार कोरून घ्यायला हवा. टेकडीच्या माथ्यावरचा दगड टाळा. तिथे वीज पडली असेल तर तिचं जोरदार चुंबकत्व जुनी नोंद झाकून टाकतं.