गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन दहा महिने झाले, डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, तरी कबड्डीत चढाईला जाताना पाय अडखळतो. मी मनाने कच्चा आहे का?

नाही, कच्चा नाहीस. वय 19 लिहिलं आहेस म्हणून अरे-तुरे करते, माझा धाकटा भाऊ तेवढाच आहे.

मी नाशिकला पंचवटीतल्या एका संघातून चढाया करायचे. एका सामन्यात बोनस घेऊन वळताना टेकलेला डावा पाय मॅटला चिकटला, शरीर फिरलं आणि गुडघ्यात 'टक्' झालं. कुणी धरलंही नव्हतं. ऑपरेशन झालं, फिजिओ झाली, नवव्या महिन्यात मी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर आरामात पळत होते. दुखत काहीच नव्हतं. पण मॅटवर बोनसरेषेपाशी डावा पाय टेकवायची वेळ आली की पोटात गोळा यायचा आणि मी नुसता हात दाखवून परत यायचे. आमचे सर म्हणायचे, "मन घट्ट कर." म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्याहून जड गेलं ते बाहेर बसणं. माझ्या जागी आलेल्या मुलीची पकड झाली की मला आतून बरं वाटायचं, आणि रात्री त्याचीच लाज वाटून झोप यायची नाही. हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही. तुझ्याही मनात असं काही येत असेल तर स्वतःला दोष देऊ नकोस.

2011 मध्ये या ऑपरेशननंतरच्या 48 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात 5,770 जण होते. ताकद, सैलपणा अशा तपासण्यांत जवळपास 90 टक्के लोकांचा गुडघा ठीक होता, तरी स्पर्धेत परतले 44 टक्केच. न परतण्याचं सर्वांत जास्त सांगितलेलं कारण होतं पुन्हा दुखापत होण्याची भीती. ही भीती मोजायला एसीएल-आरएसआय नावाची 12 प्रश्नांची प्रश्नावलीसुद्धा आहे. फिजिओकडे तिची चौकशी कर.

मला उपयोग झाला तो दुसऱ्या फिजिओताईंचा. त्यांनी विचारलं, "भीती नक्की कोणत्या क्षणी वाटते?" मी तो पाय, ते वळण करून दाखवलं. मग आम्ही तेवढंच केलं. आधी समोर कुणी नसताना, चालत. मग अर्ध्या वेगात. मग समोर एक मुलगी, हात मागे बांधून. मग तिला फक्त शिवायची मुभा. शेवटी पूर्ण पकड. प्रत्येक वेळी भीतीला दहापैकी गुण द्यायचे, तीनच्या खाली आल्याशिवाय पुढे जायचं नाही. एका टप्प्यावर मी दोन आठवडे अडकले होते. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या उतरायचे, कारण उतरताना डाव्या पायावर भार टाकणं मी नकळत टाळते हे तिथेच लक्षात आलं.

भीती सगळीच खोटी असते असंही मानू नकोस. परवानगी देताना दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरच्या उड्या मोजल्या होत्या का? नसतील तर आधी ते करून घे. दुखरा पाय चांगल्या पायाच्या 90 टक्क्यांपर्यंत आलेला असावा, असं साधारण धरतात. आकडा डोळ्यांसमोर आला की माझी निम्मी धाकधूक कमी झाली होती.

तुझे सर विनेश फोगाटचं उदाहरण देतात म्हणालास. उदाहरण चांगलंच आहे. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये चीनच्या सुन यानानविरुद्धच्या कुस्तीत गुडघा गेला, आणि 2018 ला जकार्तात आशियाई स्पर्धेत पहिल्याच फेरीत त्याच सुन यानानला हरवून तिने सुवर्ण घेतलं. पण मधली दोन वर्षंही मोज. तुझे दहाच महिने झालेत.

झोप, भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर 14416 वर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, मराठीत बोलता येतं.

आणि सरांना "भीती वाटते" एवढंच सांगू नकोस. कोणता पाय, कोणतं वळण, ते मॅटवर करून दाखव. पहिल्या सामन्यात दोनच चढाया माग. मी तसंच केलं होतं. पहिली रिकामी गेली, दुसरीत बोनस मिळाला.