तळातली डाळ

आइंडहोवन, २ जानेवारी

प्रिय मनू,

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या रात्री तू गावाहून फोनवर दोन प्रश्न विचारलेस आणि उत्तर ऐकायच्या आतच पोरांच्या हाकेला ओ देऊन पळालीस. पहिला प्रश्न असा होता: आजी म्हणते, "मला काय, भाकर अन् आमटी बास झाली." तुम्हाला तर इथल्या डच शाळेत 'स्खैफ फान फैफ' शिकवलंय. पाच फोडींचं ते गोल चक्र, त्यातल्या प्रत्येक फोडीतलं काहीतरी रोज पोटात जायला हवं म्हणतात. मग आजीचं एवढ्यावर कसं भागतं? आणि दुसरा प्रश्न: सगळ्यांची जेवणं झाल्यावरच आजी का जेवते, मराठी लोकांत अशीच रीत असते का?

तीन दिवस झाले, दोन्ही प्रश्न डोक्यातून जात नाहीत. पहिल्याचं उत्तर मी तेव्हाच फोनवर दिलं असतं. दुसऱ्यावर विचार करायला लागलो आणि पहिल्याचं उत्तरही बदललं. म्हणून लिहायला बसलो. एखादा शब्द अडला तर आईला विचार.

आधी येळवशीचंच घेऊ, कारण त्या जेवणाची चव अजून तुझ्या तोंडावर असेल. शेतात कडब्याची कोप, आत चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव, काव-चुन्याचे पट्टे ओढलेलं आंबिलाचं बिंदगं. भज्जीत काय काय होतं आठव. ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, पावटा, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, चिंचेचं पाणी आणि वरून बेसन. त्यासोबत बाजरीचे उंडे, तिळाची चटणी आणि शेवटी लसणाचा वास येणारं आंबट आंबील. आता तुझ्या शाळेचं चक्र काढ आणि एकेक फोड भरत जा. धान्य आहे, पालेभाजी आहे, तेल-तीळ आहेत, डाळी, शेंगदाणे आणि आंबिलातलं ताक मिळून एक फोड झाली, आणि पाचवी पाण्याची, तीही होतीच. त्या कोपीत बसून तू अख्खं चक्र जेवलीस.

शरीराला अन्नातून काय लागतं, हे तुला माहीत आहे: पिष्टमय पदार्थ, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं, खनिजं आणि पाणी. पहिल्या तिघांतून ताकद मिळते. एका ग्रॅम पिष्टमय पदार्थात किंवा प्रथिनात ४ कॅलरी, एका ग्रॅम तेलात ९. पण 'आवश्यक' या शब्दाला आहारशास्त्रात एक खास अर्थ आहे. शरीर खूप गोष्टी स्वतःच घडवतं. जे त्याला घडवता येत नाही किंवा पुरेसं घडवता येत नाही, ते बाहेरूनच यावं लागतं, आणि त्याला आवश्यक म्हणतात. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांतली ९ अशी आहेत. स्निग्ध आम्लांतली २ आहेत. जीवनसत्त्वं १३ आहेत. लोह, कॅल्शियम, आयोडीन, जस्त ही खनिजं तर कोणतंच शरीर घडवू शकत नाही, ती मातीतून पिकात आणि पिकातून ताटात येतात.

आजीच्या भाकरी-आमटीची खरी गंमत त्या ९ अमिनो आम्लांत आहे. समज, तू नऊ रंगांच्या मण्यांची माळ ओवतेस आणि प्रत्येक पदरात नऊही रंग यायलाच हवेत. लाल मणी संपले की ओवणं थांबलं, बाकीचे आठ रंग डबाभर उरले तरी. ज्वारीत लायसिन नावाचा मणी कमी असतो. तुरीच्या डाळीत तो भरपूर असतो, पण तिच्यात मेथिओनिन कमी, आणि ते ज्वारीत आहे. दोन्ही एकत्र खाल्लं की माळ पुरी होते. तीन वाट्या धान्याला साधारण एक वाटी डाळ, असं आहारशास्त्राची पुस्तकं सांगतात. भाकरीला वरण हवं, बाजरीला मठ-मटकीची उसळ हवी, कण्यांत अंबाडीची भाजी घालताना मूठभर तुरीची डाळ हवी, हे आपल्याकडच्या बायकांना लायसिनचं नाव न ऐकताही ठाऊक होतं. कोरडी भाकर अंगी लागत नाही, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लेकरं वाढवताना पाहिलं होतं.

आपली भाकरी सबंध ज्वारीची असते, कोंडा आणि अंकुर पिठातच राहतात, हेही मोलाचं. ते का, हे जगाला पहिल्यांदा दाखवलं ते तू जिथं शाळेत जातेस त्या देशाच्या डॉक्टरने. क्रिस्तियान आइकमान जावा बेटावर बेरीबेरी रोगाचा शोध घेत होता. त्याने पाहिलं की पॉलिश केलेला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात. सुरुवातीला त्याला वाटलं, भातात काही विष आहे आणि कोंडा ते मारतो. त्याच्याच जागी आलेल्या गेरिट ग्रेन्सने १९०१ मध्ये बरोबर अर्थ लावला: विष नाही, काहीतरी कमी पडतंय. ते काहीतरी म्हणजे आजचं ब१ जीवनसत्त्व. आइकमानला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. तुमच्या वर्गात कोणी भाकरीकडे बघून नाक मुरडलं तर ही गोष्ट सांग.

आंबिलाबद्दल एक सांगायचं राहिलं. ज्वारी-बाजरीच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो लोह आणि जस्त धरून ठेवतो, आतड्याला घेऊ देत नाही. पीठ ताकात रात्रभर आंबलं की तो बराचसा फुटतो. मटकीला मोड आणले की तेच होतं. भाकरीबरोबर लिंबू, पेरू, बोरं, हरभऱ्याचे ढाळे असं काही ताजं खाल्लं तर त्यातलं क जीवनसत्त्व लोह ओढून आत नेतं. चहा मात्र उलटं करतो. सकाळी चहात भाकर चुरून खायची आपल्याकडची सवय मला आवडते, मीही तीच खाऊन शाळेत जायचो, पण लोहासाठी ती वाईट आहे. चहा जेवणापासून तासभर लांब असलेला बरा.

इथवर लिहून झालं आणि मला वाटलं, झालं की उत्तर. भाकर-आमटी पुरते. मग मी कागदावर हिशोब मांडला. आजीचं वजन ४८ किलो. मोठ्या माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तिला ४० ग्रॅम. दिवसाच्या चार भाकरी धरल्या, एकीला ६० ग्रॅम पीठ, तर २४ ग्रॅम आले. दोन वेळची मिळून ६० ग्रॅम डाळ, तिचे १३. एक वाटी दही, ३. बरोबर ४०.

पण डाळ काढून टाक. २७ वर येऊन थांबतं, आणि त्यातही माळ अपुरी.

आणि मला आमटीचं पातेलं आठवलं. आमच्या घरी आम्ही चौघं भावंडं, वडील, आजोबा, शिवाय रास चालू असली की गडी. पाहुणा आला की माय, म्हणजे तुझी आजी, आमटीत तांब्याभर पाणी वाढवायची. तूरडाळ तळाला बसते, मनू. माय पळी तळापर्यंत घालून, ढवळून, दाट आमटी आमच्या ताटात वाढायची. पोरांना, गड्यांना, वडलांना. सगळे उठले की ती चुलीपुढेच बसायची, आणि तोवर पातेल्यात वरचं पिवळं पाणी उरलेलं असायचं. त्यात भाकर कुस्करून, वर ठेच्याचं बोट लावून ती जेवायची. मी रोज ते पाहिलं आणि त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. "लेकरं जेवली की माझं पोट भरतंय" म्हणायची, आणि माझा त्यावर विश्वास बसायचा. तुझ्याएवढा असताना मी हा प्रश्न विचारायला हवा होता.

आता तुझा दुसरा प्रश्न. हो, ही रीत होती, पुष्कळ घरांत आजही आहे. तिची एक बाजू समजण्यासारखी आहे. भाकरी तव्यावरून एकेक उतरते, ती फुगलेली गरमच चांगली, आणि थापणारीचे हात पिठात. पंगतीला वाढणारी पंगतीत कशी बसणार? आपल्या हातचं कोणी पोटभर खाल्लं याचं सुख खरंच असतं, मलाही तुला वाढताना होतं. पण घरात कमी असलं की कमी कोणाला पडणार हे त्या रीतीने आधीच ठरवून टाकलं होतं, आणि मराठवाड्यात कमी पडायची वर्षं पुष्कळ आली. १९७२ च्या दुष्काळात आजी सतरा वर्षांची होती, नुकतं लग्न झालेलं. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जायची. बाहेरून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर लोकांनी ते वर्ष काढलं. ती तिच्या वाटची सुकडी पदरात बांधून लहान दिरांसाठी घरी आणायची. हे तिने मला अभिमानाने सांगितलंय. मला आज ते ऐकवत नाही.

रीत उलटी का आहे, तेही सांगतो. वयात आलेल्या बाईच्या अंगातून दर महिन्याला रक्त जातं, म्हणून तिला पुरुषापेक्षा जास्त लोह लागतं. आपल्या देशाच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम आणि बाईला २९ लिहिलंय. चार ज्वारीच्या भाकरीत जेमतेम साडेनऊ मिळतं. बाकीचं डाळीतून, पालेभाजीतून, तिळातून, मांस खाणाऱ्याला मांसातून यायचं, म्हणजे नेमकं जे शेवटच्या ताटापर्यंत पोचत नाही तेच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत ५४.२ टक्के जणींना रक्तक्षय निघाला. शंभरात चोपन्न. मी हा आकडा वाचतो तेव्हा मला आमचं पातेलं दिसतं.

मी बारावीला असताना माय तुरीच्या खळ्यावर चक्कर येऊन पडली. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ६ निघालं. १२ हवं. त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवता काय?" आणि ती म्हणाली, "समदं जेवते की, भाकर अन् आमटी." मी शेजारी उभा होतो. लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या ती महिनाभर सकाळच्या चहाबरोबर घेत राहिली, कारण तसं करू नये हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि मला माहीत नव्हतं.

आता आजीचं वय एकोणसत्तर. लोहाची गरज तेवढी राहिली नाही, पण दुसरी एक अडचण आहे. तिने तुळशीची माळ घातली आणि मटण सोडलं. ब१२ हे जीवनसत्त्व ज्वारीत नाही, डाळीत नाही, कुठल्याच भाजीत नाही. ते दूध-दह्यातून, अंड्यातून, मांसातून येतं, आणि वय झालं की पोटाला ते अन्नातून काढून घेणंही जड जातं. म्हणून तिची ती लाल गोळी. ती टाळाटाळ करते, तू रोज हातात दे. माळेच्या आड ती गोळी येत नाही, हे मी तिच्याशी बोललोय.

तेलाचंही बघ. लहानपणी आमच्याकडे करडईच्या घाणीचं तेल असायचं. त्या दोन आवश्यक स्निग्ध आम्लांतलं एक, लिनोलेइक, त्यात तेलाच्या सत्तर टक्क्यांच्या वर असतं. दुसरं जवसात आहे, आणि जवसाची चटणी डब्यात असायचीच. फडताळातल्या काळ्या बरणीत बघ. आता शिवारभर सोयाबीन झालंय. एवढं प्रथिनाचं पीक आपल्या शेतात पिकतं, पण ट्रॉलीत भरून मिलला जातं आणि घरच्या ताटात त्यातलं काही परत येत नाही, याचं मला वाईट वाटतं. ज्वारीचं मात्र एक चांगलं घडलंय: परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेने मिळून २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' नावाचं वाण दिलं, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. काकाला विचार, पुढच्या हंगामात एखादा पट्टा पेरता येईल का.

तर भाकर अन् आमटी पुरते का, या प्रश्नावर माझं उत्तर आता असं आहे: कुठली आमटी ते आधी बघ. उद्या तू वाढ. पळी तळापर्यंत घाल, ढवळ, आणि पहिलं ताट आजीला दे. सोबत लिंबाची फोड, मेथी असेल तर मेथी, वाटीभर दही. ती "तुमचं होऊ द्या की" म्हणेल, दोनदा म्हणेल. तू ताट खाली ठेवू नकोस. भाकरी आईला करू दे, आई आणि काकू पाळीपाळीने थापतील, मी दोघींशी बोललोय. काकालाही सांगितलंय की पाट-पाणी त्याने घ्यायचं.

आणि ती जेवायला बसली की मला फोन लाव, चित्र दिसेल असा. इथं तेव्हा सकाळ असेल, मी जागा असेन. बोलायचं काही नाही. मला तिला पहिल्या पंगतीला जेवताना बघायचंय.

तुझा
बाबा

ता. क. अंगणात उन्हात खेळ, हातपाय उघडे ठेवून. इथं ऑक्टोबर ते मार्च ऊन इतकं तिरकं असतं की कातडीला ड जीवनसत्त्व बनवता येत नाही, म्हणून तुला रोज तो १० मायक्रोग्रॅमचा थेंब द्यावा लागतो. लातूरच्या उन्हात ते हिवाळ्यातही बनतं. येताना जवसाची चटणी आण, आणि तुझ्या बॅगेत जागा उरली तर थोडे तीळ.